जर्मलचा सांधा

गेल्या माघांत एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरच्या कार्यानिमित्त हिंगोली जिल्ह्यांतील डोंगरकडा या गांवीं जाण्याचा प्रसंग आला. गांव कळमनुरी तालुक्यांतलें असून त्या भागांत केळीची लागवड पुष्कळ आहे. कार्य आटोपल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं परतीच्या मोटारीस अवकाश होता. म्हणून रस्त्याच्या कडेनें हिंडत असतां पत्र्याच्या एका छपरापुढें चारपांच माणसें उभीं असलेलीं दिसलीं. छपराखालीं नांगराचे फाळ, ट्रॉलीचीं चाकें आणि मोडक्या खिडक्यांच्या चौकटी असा पसारा पडलेला होता. एक दूधवाला आपली ॲल्युमिनियमची मोठी किटली घेऊन आला होता. तिच्या तळाच्या कडेस बोटभर लांब चीर गेली होती.

“मिस्त्री, हिचं कांहीं होतंय का बघा. नाहीं तर भंगारांत देतो,” तो म्हणाला.

मिस्त्रीनें किटली उपडी करून चिरेवरून नख फिरविलें. “होतंय की. पण पहिलं गरम पाण्यानं घासून आणा, अन् वाळवून आणा. दुधाचा ओशटपणा ऱ्हायला तर सांधा धरणार नाहीं.”

हें ऐकून मी थबकलों. जर्मलचें भांडें फुटलें कीं तें गेलें, त्यास सांधा नाहीं, ही गोष्ट माझ्या आजीच्या तोंडीं एखाद्या स्मृतिवचनासारखी असे. आमच्या घरीं तांब्यास डाख बसे, घागरीस झाळ लागे, पातेल्यांना वर्षांतून दोनदां कल्हई होई. परंतु जर्मलचें तपेलें गळूं लागलें म्हणजे त्यांत माती भरून अंगणांत रोप लावावयाचें, एवढाच त्याचा उत्तरकाल. मग डोंगरकड्याच्या या मिस्त्रीस जें साधतें तें शंभर वर्षांपूर्वींच्या तांबटास कां साधलें नाहीं? मोटार येईपर्यंत हा प्रश्न मनांत घोळत राहिला, आणि मोटार निघून गेल्यावरही राहिला. कारण किटलीचें काम पुरें होईपर्यंत मी तेथून हाललों नाहीं.

आधीं नांवाविषयीं दोन शब्द. मराठी घरांत ‘ॲल्युमिनियम’ हा शब्द कागदावरचा. तोंडांतला शब्द ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’. या धातूचा जर्मनीशीं अगदींच संबंध नाहीं असें नव्हे. १८२५ सालीं डेन्मार्कमधील अर्स्टेड या शास्त्रज्ञानें तो अशुद्ध स्वरूपांत मिळविला आणि १८२७ मध्यें बर्लिन येथें व्होलर यानें त्याची भुकटी वेगळी करून दाखविली. परंतु आमच्या आज्यापणज्यांना व्होलर ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. या धातूच्या पूर्वीं ‘जर्मन सिल्व्हर’ या नांवाचा एक पांढरा मिश्रधातु बाजारांत रूढ झाला होता. त्यांत तांबें, जस्त आणि निकेल असे. रुपें औषधालाही नसे. पुढें दुसरा पांढरा, अधिक हलका व अधिक स्वस्त धातु आला तेव्हां जुनें नांव या नव्या पाहुण्याकडे सरकलें असावें, हें अनुमान मला सयुक्तिक वाटतें. लोकांनीं नांवांतलें रुपें गाळलें आणि जर्मन तेवढा ठेवला, यांत लोकांची व्यवहारबुद्धि दिसते.

आतां जोडणीच्या विद्येकडे वळूं. सोनार, तांबट आणि कल्हईवाला हे तिघेही आपापल्या परीनें घरगुती साधनांवर काम करणारे कारागीर. सोनाराजवळ दिवा, फुंकणी आणि टाकणखार. तांबटाजवळ भट्टी, ऐरण, हातोडे आणि तोच टाकणखार. कल्हईवाल्याजवळ जमिनींत खणलेला खड्डा, चामड्याचा भाता, कथलाची कांडी आणि नवसागर. तांब्याची घागर ही एका पत्र्याची नसते, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. तिचे भाग वेगवेगळे ठोकून त्यांच्या कडांना दाते पाडतात, ते एकमेकांत अडकवितात आणि मग पितळेसारख्या लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूची भुकटी टाकणखारांत कालवून सांध्यावर पसरून भट्टींत धरतात. ही झाळ. कथील आणि शिसें यांच्या मऊ मिश्रणानें केलेली जोडणी तो डाख. दोहोंतही मूळ भांडें वितळत नाहीं. परका धातु वितळून दोन कडांमध्यें शिरतो व त्यांस धरून ठेवतो. मूळ धातूच्याच कडा वितळवून एकजीव करणें, ज्याला आज आपण वेल्डिंग म्हणतों, हा तिसरा प्रकार. लोहार दोन लोखंडी तुकडे पांढरे होईपर्यंत तापवून घणाखालीं एक करतो, तें याच जातीचें काम.

या सर्वांत टाकणखार आणि नवसागर यांचें प्रयोजन काय? कल्हई होत असतां ज्यानें जवळ उभें राहून पाहिलें आहे त्याला तो क्षण आठवत असेल. भांडें तापून काळवंडतें. कल्हईवाला चिमूटभर नवसागर टाकून चिंधीनें फिरवितो. पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि त्या धुराखालून तांबें एकाएकीं गुलाबी, उघडें, जणूं नुकतेंच जन्मलेलें असें दिसूं लागतें. त्याच क्षणीं कथलाची कांडी टेकविली पाहिजे. सेकंद दोन सेकंद उशीर झाला तर हवा पुन्हां आपली साय धरते आणि कथील मोत्यासारखें घरंगळून जातें. धातूवर हवेंतील प्राणवायूची जी साय बसते ती काढल्यावांचून धातूला धातु चिकटत नाहीं, आणि ती काढण्यास क्षार लागतो, हें रसायनशास्त्राचें सूत्र आमच्या अशिक्षित मानल्या गेलेल्या कारागिरास पुस्तकावांचून अवगत होतें. तो ‘ऑक्साइड’ म्हणत नव्हता; ‘मळ’ म्हणत होता. सूत्र तेंच.

ॲल्युमिनियमची जन्मकथा या सूत्राच्या बाहेरची नाहीं. पृथ्वीच्या कवचांत हा धातु लोखंडाहूनही अधिक आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागांतील जांभ्या दगडाच्या पठारांवर त्याचें खनिज, बॉक्साइट, विपुल सांपडतें. तरीही १८५४ पर्यंत तो कोणास मुबलक मिळाला नव्हता. कारण प्राणवायूशीं त्याची मिठी इतकी घट्ट कीं कोळशाच्या भट्टींत ती सुटत नाहीं. १८५४ मध्यें फ्रान्समध्यें देव्हिल यानें सोडियमच्या साहाय्यानें ती सोडविली आणि पुढच्याच वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांत हा धातु जडजवाहिरांच्या शेजारीं मांडला गेला. वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोंकावर १८८४ मध्यें जो छोटा ॲल्युमिनियमचा सुळका बसविला त्याचें वजन अवघें १०० औंस, म्हणजे सुमारें २.८ किलो होतें. आणि तेवढें ओतकाम त्या काळीं मोठ्या कौतुकाचा विषय झालें.

मग एका अध्यापकाचा प्रवेश होतो. माझा धंदा तोच असल्यामुळें या ठिकाणीं मी थोडा रेंगाळलों तर वाचकांनीं क्षमा करावी. अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत ओबर्लिन नांवाचें एक लहान कॉलेज आहे. तेथें ज्युएट नांवाचे रसायनाचे प्राध्यापक होते; त्यांनीं जर्मनींत अध्ययन केलें होतें आणि व्होलरचा त्यांना परिचय होता. ते या धातूचा एक तुकडा वर्गांत दाखवीत. तो ज्यानें पाहिला त्या चार्ल्स मार्टिन हॉल या विद्यार्थ्यानें पदवी घेतल्यावर वडिलांच्या घरामागील लांकडाच्या खोपटांत प्रयोग मांडला. उपकरणें बहुतेक घरगुती: हातीं केलेल्या विजेच्या बॅटऱ्या, एक लहान भट्टी, एक मातीची मूस. त्याची बहीण ज्यूलिया हिनेंही रसायनाचा अभ्यास केला होता. तिचें या कामीं त्यास साहाय्य होतें. क्रायोलाइट नांवाचा एक पांढरा खनिज क्षार वितळवून त्यांत धातूची मळी विरघळवावी व मग वीज सोडावी, ही त्याची कल्पना. पहिले प्रयत्न फसले, कारण मुशींतील मातीच त्या क्षारांत विरघळूं लागली. त्यानें मुशीस आंतून कोळशाचें अस्तर दिलें, आणि २३ फेब्रुवारी १८८६ रोजीं तळाशीं चकाकणारे गोळे मिळाले. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें एरू या तरुणानें स्वतंत्रपणें तीच रीत शोधून काढली. दोघेही १८६३ चे जन्माचे, आणि दोघेही १९१४ मध्यें वारले.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. हॉलनें केलें तें कल्हईवाल्याच्या नवसागराहून तत्त्वतः निराळें नव्हतें. मळ विरघळविणारा क्षार सांपडला आणि धातु मोकळा झाला. फरक इतकाच कीं ॲल्युमिनियमचा मळ नवसागरास किंवा टाकणखारास जुमानीत नाहीं. त्यास फ्ल्युओराइडाच्या जातीचे क्षार लागतात. ही गोष्ट पुढें पुन्हां येईल.

हॉल व एरू यांच्या शोधानंतर भाव झपाट्यानें कोसळले आणि जवाहिऱ्याच्या दुकानांतला धातु दहाबारा वर्षांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं आला. हिंदुस्थानांत त्याचीं भांडीं करण्याचा आरंभ मद्रासेस झाला. आल्फ्रेड चॅटर्टन हे तेथील इंजिनिअरिंग कॉलेजांत प्राध्यापक होते. १८९८ मध्यें त्यांनीं मद्रासच्या कलाशाळेंत ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा प्रयोग सुरू केला. तांब्यापितळेच्या कारागिरांचे हात रिकामे होत होते. त्यांना नवा धातु द्यावा, हातोडा तोच राहावा, अशी त्यांची दृष्टि होती. प्रयोग इतका यशस्वी झाला कीं १९०३ मध्यें तें काम एका खाजगी कंपनीकडे सोंपविण्यांत आलें. धातु मात्र परदेशांतून येई. हिंदी भूमीवर ॲल्युमिनियम प्रथम तयार झाला तो १९४३ मध्यें, केरळांत आलुवा येथें.

चॅटर्टन यांचा हेतु शुद्ध होता यांत मला संशय नाहीं. तांब्याच्या घनतेच्या मानानें ॲल्युमिनियमची घनता तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तो ठोकण्यास मऊ, कल्हईची त्यास गरज नाहीं, कळकण्याची भीति नाहीं. कारागिराच्या हातीं असा धातु देणें म्हणजे त्याच्यावर उपकार करणें, असें कोणासही वाटलें असतें. परंतु या हिशोबांत एक रकम धरावयाची राहिली. तांबटाचा धंदा भांडें घडविण्यावर जितका चालत असे तितकाच तें पुन्हां पुन्हां सांधण्यावर चालत असे. लग्नांत आलेली घागर तीन पिढ्या टिके, ती मुळांत अभेद्य असे म्हणून नव्हे, तर दर दहाबारा वर्षांनीं तिचा तळ बदलला जाई म्हणून. या नव्या धातूला तांबटाची झाळ लागेना आणि कल्हईवाल्याचें कथील चिकटेना. सांधा करतां येत नाहीं तेव्हां भांडें अखंड करावें, हा मार्ग कारखान्यांनीं घेतला: गोल पत्रा सांच्यावर फिरवून किंवा दाबून एकसंध तपेलें काढावयाचें आणि कान लावावयाचे ते खिळे ठोकून. असें काम यंत्र हातापेक्षां चांगलें करतें. ज्या धातूनें तांबटाला नवें काम मिळावयाचें होतें त्यानेंच त्याचें जुनें काम हळूहळू काढून घेतलें.

मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं गोदावरीच्या खोऱ्यांतून लोहमार्ग झाला आणि कारखान्याचा माल नांदेड-परभणीच्या पेठांतून आठवड्याच्या बाजारांपर्यंत पोंचणें सोपें झालें. जर्मल प्रथम गरिबांच्या घरांत शिरला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. तांब्याचा हंडा ही ठेव होती; अडीअडचणीला ती सावकाराकडे गहाण पडे, मोड म्हणून कासार तिचें वजन करून घेई. जर्मलच्या भांड्याची तशी पत नव्हती. स्वस्त म्हणून तें घेतलें जाई आणि गळूं लागलें कीं तितक्याच सहज टाकून द्यावें लागे. तें टाकणें मात्र गरिबाला परवडत नसे. म्हणून भोकावर आंतून-बाहेरून चकती ठेवून मध्यें खिळा ठोकण्याची युक्ति निघाली. पाणी त्यांत राही. पण विस्तवावर ठेवलें म्हणजे चकती सैल पडे आणि आमटीची धार चुलींत जाई. ज्या बाईनें अशा तपेल्यांत रोज स्वयंपाक केला तिला ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ कोणत्याही अर्थशास्त्रज्ञापेक्षां नेमका ठाऊक होता.

केवळ घरांतलीच ही अडचण नव्हती. दुसऱ्या महायुद्धांत वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४० मध्यें बंगळूरास विमानांचा कारखाना निघाला आणि १९४१ मध्यें तेथें पहिलें विमान जुळविलें गेलें. विमानाचें अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें. आणि तें अंग जगभर जोडलें जाई तें हजारों रिव्हेटांनीं, म्हणजे तपेल्याला मारलेल्या खिळ्याच्याच शास्त्रशुद्ध भावंडांनीं. आजही विमानें बव्हंशीं तशींच जोडतात.

या हट्टी स्वभावाचें मर्म थोडक्यांत सांगतों. ॲल्युमिनियमचा पत्रा घासला तर तो क्षणभर उघडा पडतो. पण डोळ्याचें पातें लवण्यापूर्वींच हवा त्यावर नवी साय धरते. ही साय इतकी पातळ कीं केंसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तरी त्यांतला एक भाग तिच्याहून जाडच भरेल. हीच साय भांड्याचें रक्षण करते. तिच्यामुळेंच तें गंजत नाहीं. परंतु धातु ६६० अंशांवर वितळतो आणि साय वितळण्यास दोन हजारांहून अधिक अंश लागतात. म्हणजे आंतला धातु पाण्यासारखा झाला तरी वरची पिशवी शाबूतच. दोन कडा शेजारीं शेजारीं वितळतात, दोन पिशव्या एकमेकींना टेकतात, आणि आंतलें पाणी एक होत नाहीं. त्यांत हा धातु उष्णता पोलादाच्या चौपट वेगानें पसरवितो. त्यामुळें एका ठिकाणीं दिलेली आंच सगळ्या भांड्यांत वाहून जाते, आणि पुरेशी आंच दिली कीं सगळेंच एकदम खालीं बसतें.

प्राणवायूची ही ओढ मात्र माणसानें दुसऱ्या एका कामीं फार हुशारीनें वापरली. जर्मनींतील गोल्डश्मिट यानें १८९५ च्या सुमारास लोखंडाच्या गंजांत ॲल्युमिनियमची भुकटी मिसळून पेटविली. भुकटीनें गंजांतला प्राणवायु हिसकावून घेतला आणि खालीं रसरशीत लोखंड ओतलें गेलें. आगगाडीचे रूळ आजही या रीतीनें जागच्या जागीं सांधतात. जो धातु स्वतःला जुळवून घेत नाहीं तो लोखंडाचा सांधा करतो, हा सृष्टीचा एक विनोदच म्हणावयाचा.

त्याहून मोठा विनोद पुढें आहे. १८९२ मध्यें अमेरिकेंत टॉमस विल्सन हा कॅनडाचा इंजिनिअर विजेच्या भट्टींत ॲल्युमिनियम करण्याची स्वस्त रीत शोधीत होता. त्यानें चुना आणि डांबर एकत्र भाजलें. ॲल्युमिनियम मिळण्याचें राहिलेंच. एक करड्या रंगाचा दगड मात्र मिळाला. तो पाण्यांत टाकतांच त्यांतून जळणारा वायु निघाला. तो दगड म्हणजे कॅल्शियम कार्बाइड आणि वायु म्हणजे ॲसिटिलीन. आमच्याकडे पूर्वीं सायकलींना व वरातींना कार्बाइडचे दिवे असत ते याच वायूचे. (याच कार्बाइडच्या पुड्या फळांच्या अढींत ठेवून केळीं-आंबे पिकविण्याचा उद्योग कांहीं व्यापारी करीत आले आहेत, कायद्यानें तो निषिद्ध आहे.) प्राणवायूच्या जोडीनें हा वायु जाळला तर तीन हजार अंशांहून प्रखर ज्योत मिळते, हें १८९५ मध्यें ल शातलिए यानें दाखविलें, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्या ज्योतीची हातांत धरण्याची नळी तयार झाली. ॲल्युमिनियम करतां करतां फसलेल्या प्रयोगानें ॲल्युमिनियम सांधणारी ज्योत दिली.

ज्योत आली तरी साय होतीच. तिच्यावर शेवटीं उपाय सांपडला तो हॉलच्या मुशींतलाच. मिठाच्या जातीचे क्लोराइड क्षार आणि त्यांत फ्ल्युओराइड, कांहीं मिश्रणांत तर प्रत्यक्ष क्रायोलाइट, यांची पूड सांध्यावर लावली म्हणजे ती वितळून सायीखालीं शिरते, साय सुटते आणि धातु धातूला भेटतो. ज्या क्षारानें हा धातु जन्मास घातला त्याच जातीच्या क्षारानें तो जोडला जातो. तांबटाला हें समजण्यास एक वाक्य पुरलें असतें: तुमच्या टाकणखाराच्या जागीं हें वापरा आणि ज्योत जपून धरा. परंतु ती पूड कारखान्यांत राहिली, ज्योतीच्या नळ्या रेल्वेच्या वर्कशॉपांत राहिल्या, आणि तें वाक्य सांगणारा कोणी तांबटआळींत गेला नाहीं. आमच्या कॉलेजांतून रसायन शिकलेले पदवीधर दरवर्षीं बाहेर पडत होते. नवसागराचें सूत्र त्यांच्या वहींत होतें आणि कल्हईवाला त्यांच्याच दारांत बसलेला असे. त्या दोघांची गांठ घालून देणें हें कोणाचें काम होतें, याचें उत्तर देतांना मी स्वतःस वगळूं इच्छीत नाहीं.

युद्धकाळांत क्षारावांचूनही मार्ग निघाला. १९४१ मध्यें अमेरिकेच्या नॉर्थ्रॉप कारखान्यांत रसेल मेरेडिथ यानें टंगस्टनच्या कांडीपासून विजेची ज्योत काढून तिच्याभोंवतीं हेलियम वायूचें कवच धरलें, म्हणजे हवा आंत येऊंच दिली नाहीं. पुढें उलटसुलट वाहणारा विजेचा प्रवाह वापरतां येऊं लागला. एका फेरींत साय फुटते व दुसरींत धातु वितळतो. आज शहरांतल्या लहान कारखान्यांतूनही हीं यंत्रें दिसतात. घरच्या घरीं काम करणारांसाठीं जस्तप्रधान कांड्या विकत मिळतात. त्या सुमारें ४०० अंशांवर वितळतात आणि पोलादी ब्रशानें साय खरवडीत खरवडीत त्या घासावयाच्या असतात. खरें पाहतां तो डाखाचाच एक प्रकार; त्यास वेल्डिंग म्हणणें ही विक्रेत्यांची अतिशयोक्ति. आंबट पदार्थ शिजविण्याच्या भांड्यास जस्ताचा सांधा बरा नव्हे. अशी एक कांडी आणून गॅसच्या छोट्या बत्तीवर मीं एकदां चहाच्या किटलीचें झांकण सांधावयास घेतलें होतें. चीर होती तांदळाएवढी. प्रयोगाअंतीं रुपयाएवढें भोंक पडलें. त्या झांकणांत आतां कोथिंबीर उगवते. आजीची परंपरा मीं तेवढी राखली आहे.

डोंगरकड्याच्या मिस्त्रीजवळ विजेचें यंत्र नव्हतें. कार्बाइडची एक टाकी, प्राणवायूचें एक नळकांडें, नळी, काळा चष्मा आणि घट्ट झांकणाच्या बरणींत पांढरी पूड. दूधवाला किटली धुऊन-वाळवून घेऊन आला तेव्हां मिस्त्रीनें तारेच्या ब्रशानें चिरेच्या दोन्ही बाजू लख्ख केल्या आणि चिरेच्या दोन्ही टोंकांना बारीक छिद्रें पाडलीं, म्हणजे ती पुढें पळत नाहीं. मग विजेच्या जुन्या केबलमधील एक ॲल्युमिनियमची तार सोलून सरळ केली. पूड थोड्या पाण्यांत कालवून तारेला आणि चिरेला लावली. किटली विटांवर आडवी टेकविली.

नंतर त्यानें एक गोष्ट केली तिचा उलगडा मला प्रथम होईना. प्राणवायु बंद ठेवून नुसत्या ॲसिटिलीनच्या धुरकट ज्योतीनें त्यानें चिरेभोंवतालचा पत्रा काजळीनें काळा केला.

“हें कशासाठीं, मिस्त्री?” मीं विचारलें.

“सर, लोखंड तापलं की लाल होतं. वितळायच्या आधी सांगतं. जर्मल कांहींच सांगत नाहीं, एकदम बसतं. म्हणून ही काजळी. आतां चांगली ज्योत फिरवतो. काजळी उडाली की समजायचं, पत्रा तापला. मग हात हळू.”

काजळी उडाली. ज्योत लहान झाली. पूड वितळून कांचेसारखी पसरली, पिवळसर झगझगाट झाला, आणि त्या झगझगाटाखालीं चिरेच्या दोन कडा एकाएकीं ओल्या दिसूं लागल्या. नवसागराच्या धुराखालीं उघडें पडलेलें तांबें मला आठवलें. मिस्त्रीनें तार टेकविली, उचलली, पुन्हां टेकविली. प्रत्येक टेकीला एक थेंब, आणि थेंबावर अर्धा थेंब चढलेला. बोटभर चीर सांधण्यास मिनिटभरही लागला नसेल. तयारीस पाऊण तास गेला होता. काम चाललें असतां त्यानें आम्हांस वाऱ्याच्या दिशेनें दूर उभें केलें होतें. त्या पुडीचा धूर छातीला वाईट, असें तो म्हणाला. छपराला तिन्ही बाजूंनीं भिंत नव्हती, तें एका अर्थीं बरेंच होतें.

गर्दींतल्या एका गृहस्थांनीं लगेच चौकशी केली, घरच्या कुकरचा कान तुटला आहे, तो आणूं काय? मिस्त्रीनें मान हालविली. “कुकर मी घेत नाहीं. त्यांत वाफ कोंडती. माझा सांधा दुधाला पुरतो, वाफेला पुरंल का नाहीं मला ठाऊक नाहीं.” हें उत्तर ऐकून त्याच्याविषयींचा माझा आदर दुणावला.

किटली निवल्यावर त्यानें सांधा उकळत्या पाण्यानें धुतला, ब्रशानें घासला, पुन्हां धुतला. मला वाटलें, झालें. त्यानें तिसऱ्यांदा पाणी मागविलें.

“ह्या पुडीचं मीठ सांध्यांत ऱ्हायलं तर तेच पत्रा खातं,” तो दूधवाल्याला म्हणाला. “दोन महिन्यांनीं परत याल अन् म्हणाल, मिस्त्रीचं काम कच्चं. आणि दुधांत उतरलं तर आणखी वाईट. घरीं जाऊन वहिनींना सांगा, पुन्हां एकदां उकळत्या पाण्यानं.”

किटलींत पाणी भरून ती फरशीवर ठेवली. सगळे खालीं वांकून पाहत राहिले. फरशी कोरडी होती. दूधवाल्यानें पैसे दिले, पाणी ओतून टाकलें आणि किटली मोटारसायकलीला दोरीनें बांधली. मिस्त्रीनें चष्मा काढून डोळे पुसले, पांढऱ्या पुडीच्या बरणीचें झांकण घट्ट फिरविलें आणि ती फळीवर मागें, कोपऱ्यांत ठेवली.

“हिलाबी हवा लागू देऊन चालत नाहीं, सर,” तो म्हणाला. “पाणी धरती, मग कामाची ऱ्हात नाहीं.”